मुंबई इलाख्यातील इंजिनिअर आणि त्याचे इंग्रजी

मुंबई इलाख्यात इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले ते मराठी आणि गुजरातीतून. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत काढलेल्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये गणित, भूमिती आणि मोजणी देशी भाषांतून शिकवली जाई. हटनच्या गणितग्रंथावरून मराठी ‘शिक्षामाला’ तयार झाली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांचे त्या कामी साहाय्य होते. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेठ देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते आणि उच्च शिक्षणात अखेर त्यांचेच चालले.

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो बांधकाम खात्याला हाताखालची जाणकार माणसे हवी होती म्हणून. खात्याचे दफ्तर इंग्रजी, तर कामावर मुकादम आणि गवंडी यांची भाषा ओळंबा, गुण्या, गिलाव्याची. ओव्हरसियर या दोहोंच्या मध्ये उभा. त्याला शेक्सपिअरपेक्षा एस्टिमेट नीट लिहिता येणे अधिक गरजेचे होते.

बांधकाम खात्याच्या अशा कागदांच्या इंग्रजीची घडण वेगळी आहे. मोजमाप-पुस्तकातील नोंदीत बहुधा क्रियापदच नसते. कामाचे नाव, लांबी, रुंदी, उंची एवढ्यावर भागते. अहवालात भूतकाळ आणि कर्मणी प्रयोग येतो, कारण पाया कोणी खणला यापेक्षा तो किती खोल गेला हे महत्त्वाचे. स्पेसिफिकेशनमधले ‘शॅल’ ठेकेदारावर बंधन घालते. तेथे ‘शुड’ लिहिले की ती शिफारस ठरते आणि भांडणाला जागा होते. कर्ता गाळणारी ही रचना मराठी विद्यार्थ्याला परकी नाही: ‘विटा भिजवून घ्याव्यात’ यातही कर्ता नाही. अडते ते क्रियापदाच्या जागेशी. मराठीत ते सहसा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. आर्टिकलही चकवते. ‘द बीम’ म्हणजे नकाशातली ठरलेली तुळई, ‘अ बीम’ म्हणजे कोणतीही एक. अशी चूक व्याकरणाच्या वहीत किरकोळ दिसते, करारनाम्यात महागात पडते.

पुण्याच्या या शिक्षणाचा धागा म्हैसूरपर्यंत गेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग) झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता, तर १९१२ मध्ये दिवाण झाले. म्हैसूर शहरात १९४६ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग सुरू झाली.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने देशी भाषांतून अभियांत्रिकी पदवीला परवानगी दिली. त्या भाषांत मराठी होती, कन्नडही होती.