विणकराचा मुलगा आणि शनिवारचे ग्रंथालय

स्कॉटलंडमधील डनफर्मलिन हे गाव एकेकाळी लिननच्या नक्षीदार विणकामासाठी प्रसिद्ध होते. विल्यम कार्नेगी यांचा संसार तेथे हातमागावर चालत असे. वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाचे काम सुटत गेले. पत्नी मार्गारेट जोडे शिवून घरखर्च भागवू लागली. अखेर घरातील माग विकून आणि उरलेला प्रवासखर्च उसना घेऊन १८४८ साली या कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. पिट्सबर्गलगतच्या ॲलेघेनी येथे त्यांनी बिऱ्हाड मांडले. थोरला मुलगा अँड्र्यू तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता.

त्याची शाळा तेथेच संपली. कापडगिरणीत मागाच्या कांड्या बदलण्याबद्दल त्याला आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मिळत. १८४९ मध्ये तो तारखात्यात निरोप पोहोचविणारा पोऱ्या झाला. शहरातील रस्ते व व्यापाऱ्यांची नावे त्याने तोंडपाठ केली आणि पुढे यंत्राच्या कडकट्टावरून, केवळ कानाने, संदेश टिपण्याची विद्याही साधली.

मात्र त्याची खरी शाळा दुसरीच होती. कर्नल जेम्स अँडरसन हे गृहस्थ आपल्या संग्रहातील सुमारे चारशे ग्रंथ दर शनिवारी कामकरी मुलांना विनामूल्य वाचावयास देत. पुढे त्या ग्रंथालयाचा व्याप वाढला आणि कारागिरीची उमेदवारी करणाऱ्यांखेरीज इतर मुलांवर वार्षिक दोन डॉलरची वर्गणी लादण्यात आली. त्याविरुद्ध अँड्र्यूने १८५३ साली स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि नियम बदलावयास लावला. ही ग्रंथप्रीती घरातलीच होती. डनफर्मलिनच्या ज्या विणकरांनी आपापली पुस्तके एकत्र करून ग्रंथालय उभारले होते, त्यांत त्याचे वडीलही होते.

त्याच वर्षी तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेत रुजू झाला आणि १८५९ मध्ये एका विभागाचा अधीक्षक बनला. पुढे लोखंडी पूल आणि पोलाद या धंद्यांत त्याने अमाप संपत्ती मिळविली. १९०१ साली त्याची कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली.

या यशाला एक काळी किनार आहे. १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्या पोलाद कारखान्यात मजुरीच्या प्रश्नावरून संघर्ष पेटला. कंपनीने आणलेले भाडोत्री पहारेकरी आणि कामगार यांच्यात चकमक होऊन दोन्ही बाजूंची माणसे प्राणास मुकली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. कामगार संघटना मोडून निघाली. पुढे १८९८ मध्ये त्याच गावी कार्नेगी ग्रंथालय उघडले गेले, परंतु बारा बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याला वाचनासाठी सवड कोठून मिळावी? यंत्राने बेकार केलेल्या विणकराच्या मुलालाही हा प्रश्न टळला नाही.

तरीही त्याच्या दानाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८३ साली डनफर्मलिनपासून आरंभ होऊन त्याच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. इमारतीचा पैसा त्याचा. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या एक दशांशाइतकी रक्कम दरवर्षी खर्चासाठी गावानेच उभी करायची, अशी सर्वसाधारण अट असे. वर्गणीची झळ सोसलेल्या माणसाने वाचकाला प्रवेश मोफत ठेवला, पण गावाला जबाबदारीतून मोकळे केले नाही.

अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास पाचारण केले. त्या संस्थानच्या ग्रामग्रंथालय योजनेतही गावकऱ्यांनी आपला वाटा जमविला म्हणजे प्रांत पंचायत आणि सरकार यांनी तेवढीच भर घालावी, असे तत्त्व होते. दाता कितीही मोठा असो, ग्रंथालय जगते ते गावाच्या आस्थेवर, हे दोन्हीकडे ओळखले गेले होते.

कार्नेगीने १९०४ साली ॲलेघेनीत कर्नल अँडरसन यांचे स्मारक उभारले. चारशे पुस्तकांचे ते ऋण त्याने जन्मभर मानले. कोणत्या शनिवारी कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडेल आणि त्यातून काय घडेल, हे ग्रंथपालाला ठाऊक नसते. म्हणूनच दार सर्वांसाठी उघडे ठेवायचे असते.