शिबिर, साहस आणि पहारा

मे महिना तोंडावर आला की घरोघरी एक कागद येतो. शाळेने मुलांना आठ दिवसांच्या शिबिरास न्यावयाचे ठरविलेले असते. कडा चढणे, दोरावरून ओढा ओलांडणे, होडी वल्हविणे असा कार्यक्रम असतो, आणि पालकांनी संमतीची सही करून द्यावी अशी खाली विनंती असते. मुलगा आनंदाने घरभर नाचतो. आजी 'कशाला हवीत ही थेरं' असे पुटपुटते. वडील मात्र लेखणी हातात धरून थबकलेले असतात. सही करावी की करू नये?

श्रोतेहो, प्रश्न घरगुती दिसतो, परंतु त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मुलांना चार भिंतींबाहेर का न्यावे, आणि नेल्यावर त्यांच्या जिवाची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांभोवती तो फिरतो. आमच्या समजुतीप्रमाणे हे दोन प्रश्न मुळात एकच होते. ते जेव्हा जेव्हा वेगळे पडले, तेव्हा तेव्हा अनर्थ झाला.

आरंभ सर्वांस ठाऊक असलेल्या ठिकाणापासून करू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगच्या वेढ्यात लहान मुले निरोप पोहोचविण्यासारखी कामे नेटाने करतात, हे त्यांनी पाहिले होते. बेटावर त्यांनी काही मुले श्रीमंतांच्या शाळांतून घेतली व काही कामकऱ्यांच्या घरांतून, त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीवर एक मुलगाच नायक नेमला. मोठ्या माणसाने हुकूम सोडावयाचा व मुलांनी तो झेलावयाचा, ही शाळेची रीत तेथे मोडली. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले व बालवीर चळवळ जगभर पसरली. हिंदुस्थानात ती आली खरी, परंतु आरंभी तिची दारे हिंदी मुलांना बंद होती. म्हणून १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेस हिंदी बालवीरांची स्वतंत्र संस्था काढली. असे निरनिराळे प्रवाह स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारत स्काउट्स आणि गाइड्स या एका संस्थेत मिळाले.

परंतु आज आम्हांला अधिक सांगावयाचे आहे ते दुसऱ्या एका शिक्षकाविषयी. त्याचे नाव कुर्ट हान. १८८६ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याला उन्हाचा असा झटका बसला की पुढे आयुष्यभर ऊन सोसवेना. ज्याला स्वतःला उन्हात उभे राहता येत नव्हते, त्यानेच हजारो मुलांना उघड्या आभाळाखाली आणले, ही गोष्ट आम्हांला मोठी बोलकी वाटते. १९२० साली बाडेनचे प्रिन्स मॅक्स यांच्या साहाय्याने त्याने झालेम येथे शाळा काढली. १९३२ साली नाझींच्या पथकातील काही लोकांनी एका मजुराचा त्याच्या आईच्या देखत खून केला, आणि हिटलरने त्या खुन्यांस पाठिंब्याची तार केली. तेव्हा हानने आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले : तुम्हांला हिटलर तरी सोडावा लागेल किंवा झालेम तरी. १९३३ च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी रदबदली केली म्हणून तो सुटला व त्याच वर्षी ब्रिटनला गेला.

१९३४ साली स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर गॉर्डनस्टन येथे त्याने नवी शाळा उभारली. तेथील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. त्या किनाऱ्यावर मुलांची एक पहाऱ्याची चौकी असे. वादळी रात्री शाळेची मुले पाळीपाळीने तेथे बसून समुद्रावर नजर ठेवीत. एखादी मच्छीमार बोट संकटात दिसली तर वर्दी द्यावयाची, हे त्यांचे काम. हा खेळ नव्हता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर कोणाचे तरी प्राण अवलंबून असत. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १९१० साली एक प्रश्न मांडला होता : युद्धामुळे माणसांत जे शौर्य व त्याग जागे होतात, ते युद्धावाचून जागे करता येतील काय? हानचे उत्तर असे की दुसऱ्याचा जीव वाचविण्याची ओढ युद्धाच्या ओढीहून बलवान असते, मात्र तिला कामाला लावणारी शाळा पाहिजे.

मग दुसरे महायुद्ध आले. जर्मन पाणबुड्यांच्या पाणतीरांनी ब्रिटिश व्यापारी जहाजे अटलांटिकमध्ये बुडू लागली. लॉरेन्स होल्ट हे लिव्हरपूलच्या एका मोठ्या जहाज कंपनीचे मालक. जहाज बुडाल्यावर लहान नावेत वाहत राहण्याची वेळ आली की धट्टीकट्टी तरुण पोरे लौकर हिंमत सोडतात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क खलाशी तग धरतात, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हान आणि होल्ट यांची गाठ पडली, आणि १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू झाली. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजास नाविक लोक जे शब्द लावतात, तेच होल्ट यांनी शाळेला दिले. अभ्यासक्रम सुमारे सव्वीस दिवसांचा. जहाजावरचे उमेदवार, कारखान्यांतील शिकाऊ कामगार व शाळांतील विद्यार्थी एका खोलीत झोपत, एकाच नावेत वल्ही मारीत, नकाशा व होकायंत्र घेऊन डोंगर तुडवीत, आणि बुडणाऱ्याला कसे वाचवावे ते शिकत. मुलांना समुद्रासाठी नव्हे, तर समुद्राकडून शिकवावयाचे, असा होल्ट यांचा आशय होता. मुलगा पुढे कारकून झाला तरी चालेल, परंतु सव्वीस दिवसांत समुद्राने त्याला जे शिकविले ते त्याच्याजवळ राहावे.

युद्ध संपले, पण ही कल्पना मावळली नाही. १९५० साली एस्कडेल येथे डोंगरातील पहिली शाळा निघाली व १९५१ पासून मुलींसाठीही अभ्यासक्रम झाले. त्याच सुमारास डर्बीशर परगण्याच्या शिक्षणखात्याने सरकारी शाळांतील मुलांसाठी व्हाइट हॉल हे केंद्र उघडले. खात्याचे प्रमुख होते जॅक लाँगलंड. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत २७,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या तळावर ओझी पोहोचवून परतताना त्यांना वादळाने गाठले, तेव्हा त्यांनी बरोबरच्या आठही भारवाहकांना सुखरूप खाली आणले. लाँगलंड शिखरावर पोहोचले नाहीत. तरी आमच्या मते मुलांना डोंगरात नेणाऱ्याची खरी पात्रता या उतरण्यातच आहे.

हानच्या कल्पनेचे आणखी एक फळ सांगतो. १९६२ साली वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज निघाले. तेथील विद्यार्थी समुद्रावर बचावाचे काम करीत. लाटांत टिकेल अशी होडी हवी म्हणून त्यांनी आपल्या प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली कडक तळाची, हवेने फुगविलेल्या कडांची होडी घडविली. आज जगभरची बचावपथके या जातीच्या होड्या वापरतात. याच शिक्षणसंस्थांच्या परिवारातील एक महाविद्यालय १९९७ पासून आपल्या पुण्याजवळ, मुळशीच्या डोंगरांत उभे आहे.

येथवरची कथा गोड आहे. परंतु इतिहास सांगणाऱ्याने गोड तेवढे सांगून भागत नाही.

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या शाळकरी मुलांची एक तुकडी स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडली. आसऱ्याची झोपडी त्यांना गाठता आली नाही. उघड्यावर दोन रात्री गेल्या. पाच विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची साहाय्यक मुलगी, असे सहा जीव गेले. डोंगरातील नेत्यांच्या शिक्षणासाठी लाँगलंड यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १९६४ पासूनच प्रमाणपत्र सुरू केले होते. ते केवळ शोभेचे नव्हे, हे या सहा मृत्यूंनी देशाला पटविले.

दुसरी घटना २२ मार्च १९९३ ची. प्लिमथ येथील एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक व दोन प्रशिक्षक चिंचोळ्या होड्यांतून लाइमच्या उपसागरात निघाले. अंतर होते दोनेक मैलांचे. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता आणि त्याने होड्या आत ओढून नेल्या. संकटाची खूण करावयास त्यांच्याजवळ ना दारूचे बाण होते ना बिनतारी यंत्र. परतण्याची वेळ टळून गेली तरी किनारारक्षकांना वर्दी पोहोचावयास तास लोटले. चार मुले गेली. पुढे चौकशीत निघाले की आदल्याच वर्षी त्या केंद्रातील प्रशिक्षकांनी सुरक्षेबद्दल लेखी इशारा दिला होता. १९९४ साली त्या कंपनीस व तिच्या चालकास सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. १९९५ साली पार्लमेंटने कायदा केला, आणि तेव्हापासून अशा केंद्रांना तपासणी व परवाना आवश्यक झाला.

आता या दोन किनाऱ्यांची तुलना करा. गॉर्डनस्टनच्या किनाऱ्यावर परक्या मच्छीमारांसाठी शाळेची मुले रात्रभर जागत होती. लाइमच्या किनाऱ्यावर त्या शाळकरी मुलांसाठी भर दुपारी कोणी जागे नव्हते. हानच्या शिबिरातून होडी घेतली, डोंगर घेतला, दोर घेतला, आणि पहारा तेवढा मागे राहिला. साहस विकावयाची वस्तू झाली की प्रथम गळते ते हेच, कारण पहाऱ्याचे छायाचित्र काढून जाहिरातीत घालता येत नाही.

आपल्याकडेही ही जखम ओली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेले चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते शिबिर नव्हते, सहल होती, हे खरे. परंतु समुद्र तो भेद जाणत नाही. भरती-ओहोटीची वेळ, वाळूचा उतार, पाण्याची ओढ हे त्या किनाऱ्यावरचा कोळी बालपणापासून जाणतो, आणि घाटावरून गेलेल्या आम्हांला त्याला विचारावयाचेही सुचत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आखून नोंदणी व सुरक्षेचे नियम घातले, हे योग्यच झाले. पण नियमांचा कागद म्हणजे पहारा नव्हे. पहारा माणसाने करावयाचा असतो.

यावर काहीजण म्हणतील, मग मुलांना पाठवूच नये. आम्हांला हे पटत नाही. सव्वीस दिवसांत माणसाचे शील घडते, हा दावा अतिशयोक्त आहे, आणि त्यावर पुष्कळ टीकाही झाली आहे. तथापि ज्याने कधी दोराचे दुसरे टोक धरले नाही, आपल्या हातावर सोबत्याचा भार तोललेला आहे हे ज्याने कधी अनुभविले नाही, त्याला जबाबदारी हा शब्द फळ्यावरच भेटलेला असतो. उंबऱ्याआत ठेवलेला मुलगा सुरक्षित असतो असे आम्ही मानतो, पण तो एक दिवस आमच्या सहीवाचूनच समुद्रावर जाणार असतो.

तेव्हा तो कागद हाती आला की सही करण्यापूर्वी शाळेत जावे आणि थोडे विचारावे. मुलांना नेणारा कोण, व तो कोठे शिकला? स्थानिक माणूस बरोबर आहे काय? हवा बिघडली तर परत फिरण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि परत फिरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावणार नाही ना? ठरल्या वेळी मुले आली नाहीत तर कोण, कोणाला, किती वेळात कळविणार? उत्तरे सरळ मिळाली तर आनंदाने सही करावी. उडवाउडवी झाली तर लेखणी खिशात ठेवावी, आणि मुलाला जवळ बसवून कारणही सांगावे.

आणि मुलगा शिबिराहून परतला म्हणजे त्याला 'किती उंच चढलास' एवढेच विचारू नये. 'तुझ्या दोराचे टोक कोणी धरले होते, आणि तू कोणाचे धरलेस?' असे विचारावे.