छोट्या कारला मागे जाड स्वे बार: घाटात फायदा किती, धोका किती?

सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना माझी छोटी कार वळणावर कलते आणि स्टिअरिंग फिरवूनही तोंड सरळच जाऊ पाहतं. हाच अंडरस्टिअर. यावर एक उपाय म्हणजे मागचा स्वे बार.

स्वे बार म्हणजे काय?
डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारा स्टीलचा दांडा. वळणावर एका बाजूचं सस्पेन्शन जास्त दबलं की तो पिळला जातो आणि गाडीचं कलणं रोखतो.

जाड केला तर?
ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 20 मिमीऐवजी तसाच भरीव 22 मिमीचा बार लावला, तर तो सुमारे 46 टक्के जास्त ताठ! वळणावर मागच्या टायरांची पकड थोडी कमी होते, पुढच्यांची वाढते, त्यामुळे तोंड पटकन वळतं.

मग धोका कुठे?
पावसाळ्यात. ओल्या वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात, तर मागचा भाग घसरून गाडी फिरू शकते.

म्हणून आधी टायर, त्यातली हवा आणि झिजलेले रबर बुश बघा. तरीही बार हवाच असेल, तर थोडाच जाड घ्या. वॉरंटी आणि विम्याचं आधी विचारा.