लहान फाइलीची कुळकथा

फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट जसंच्या तसं साठवायचं, तर नऊ गीगाबाइटहून जास्त जागा लागते. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, करा हिशेब. तेच मिनिट सेकंदाला ८ मेगाबिट धरून एक्स्पोर्ट केलं की ६० मेगाबाइटमध्ये बसतं. बाकीचा ऐवज जातो कुठे?

थोडा रंगात जातो. डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला नाही. म्हणून रंगाची माहिती पातळ केली तरी खपून जातं. बराच जातो न हललेल्या भागात. मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवावं, ही युक्ती रे केल यांनी १९२९ सालीच ब्रिटिश पेटंटात मांडली होती.

खरी मेख मात्र तिसऱ्या जागी आहे. बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सास स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत. चित्रातल्या ठिपक्यांऐवजी त्यांच्या चढउताराच्या लहरी मोजाव्यात, असा प्रस्ताव त्यांनी १९७२ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे धाडला. कल्पना फारच सोपी आहे, म्हणून तो नामंजूर झाला! (सोपेपणा हा दोष ठरवणाऱ्या परीक्षकांची जात सगळीकडे आढळते.) अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम रेटलं आणि जानेवारी १९७४ मध्ये चार पानी लेख छापला: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन या गणितातून काढला की बहुतेक वजन मोजक्या संथ लहरींवर येतं. मग प्रत्येक आकड्याला भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. बारीक लहरींचे आकडे शून्य होतात, आणि शून्यांच्या रांगेला जागा जवळपास लागतच नाही. एक्स्पोर्टच्या खिडकीत आपण बिटरेट उतरवतो तेव्हा मुख्यतः हा भाजकच वाढतो.

१९८८ च्या एच.२६१ या व्हिडिओ मानकात केलची फरक पाठवण्याची युक्ती आणि हे गणित एकत्र आलं, टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या बैठकांसाठी. १९९३ च्या एमपेग-१ ने तेच सीडीवर आणलं. लग्नाच्या व्हीसीडीत वरातीचा नाच सुरू झाला की चित्राचे चौकोन सुटायचे, ते हेच आठ बाय आठ.

२००३ च्या एच.२६४ ने कोसाइनच्या दशांशांना फाटा देऊन पूर्णांकांत बसवलेलं रूप घेतलं, कारण दोन यंत्रांनी दशांश किंचित वेगळे धरले की चूक फ्रेमगणिक साचत जाई.