एक मेची सुट्टी, पेंचचं जंगल आणि मधली रेघ

सावनेरवरून बोलतोय. मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, घर छिंदवाडा रोडला लागूनच आहे.

एप्रिल संपत आला की मला एकच मेसेज येतो. 'दादा, एक मेची सुट्टी आहे, वाघ जवळून कुठे दिसेल?' उत्तर सोपं आहे : पेंच. मे महिन्यात झाडं बोडकी होतात, नाले आटतात आणि चितळ, सांबर, रानगवा, सगळे पाणवठ्यावर येतात. त्यांच्या मागे वाघ. सिल्लारी आणि खुर्सापार गेट सगळ्यांना माहीत आहेत, पण आपल्या सावनेर तालुक्यातच खुबाळा गेट आहे, हे सावनेरच्याच पोरांना माहीत नसतं!

आता गंमत बघा. ज्या कारणाने ही सुट्टी मिळते, त्याच कारणाने या जंगलाचे दोन तुकडे झालेत.

१९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. हो, मध्य प्रदेशची. नागपूर, छिंदवाडा, सिवनी हे सगळं एकाच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेनुसार राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा आणि सिवनी तिकडेच राहिले. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. माणसांच्या भाषेवरून ओढलेली रेघ सातपुड्याच्या एका सलग जंगलातून गेली.

त्यानंतर दोन्हीकडे आपापला कारभार. आपल्याकडे १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तिकडे १९८३ मध्ये. व्याघ्र प्रकल्प मात्र तिकडे आधी, १९९२ ला, आणि आपल्याकडे १९९९ ला. नाव दोन्हीकडे पेंच, तिकीट वेगळं, गेट वेगळे. गूगलवर बुकिंग करताना निम्मे लोक इथेच फसतात. सिवनीकडचं तुरिया गेट बुक करून सिल्लारीला जाऊन उभे राहतात.

'जंगल बुक'वाला सिवनी तो हाच बरं का. पण किपलिंग स्वतः इथे आला नव्हता, असंच मानलं जातं. त्याच्या आधी स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सिवनीच्या जंगलावर पुस्तक लिहिलं होतं, ते १८७७ चं. तेव्हा 'वाघ जवळून पाहणे' म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात पाहणे.

वाघाला रेघ कळत नाही, तो आरामात इकडून तिकडे जातो. माणसाला मात्र ती नडली. पेंच नदीवर तोतलाडोहला धरण झालं. जंगलातून उठवलेल्या आदिवासी कुटुंबांपैकी ३०५ जणांना मध्य प्रदेश सरकारने या जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. त्यावर पर्यावरणवाले कोर्टात गेले. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवाने रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या : फोटोचं ओळखपत्र हवं, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. जिथे बापजाद्यांनी मासे धरले, तिथे जायला ओळखपत्र! मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून हे प्रकरण डोक्यातून जात नाही. जाळी आणि होड्या वाढल्या की जंगलाचं नुकसान होतं, हे खरंच आहे. पण घर गेलेल्या माणसाने पोट कशावर भरायचं?

आणि मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. आपण जिप्सीत कॅमेरा घेऊन बसतो, त्याच पहाटे जंगलाकाठच्या गावांतल्या बाया पानं तोडायला वाकलेल्या असतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून हल्ले याच दिवसांत जास्त ऐकू येतात. मागच्या वर्षी मी सफारीचे फोटो दाखवत होतो, तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'तुमी पैसे देऊन पाहाले जाता? आमी तर तो दिसू नये म्हणून देवाले नारळ फोडतो.'

तर या एक मेला मी खुबाळ्याची सकाळची फेरी धरली आहे. तुम्ही येणार असाल तर बुकिंग आधी करा, पाणी जास्त घ्या, डोक्याला दुपट्टा बांधा. आणि गावातून जाताना डोक्यावर पुडक्यांचा भारा घेतलेल्या बाया दिसल्या, तर ड्रायव्हर भाऊंना गाडी हळू घ्यायला सांगा. सगळी धूळ त्यांच्याच अंगावर जाते.