धुराची साक्ष

तर्कशास्त्र शिकवताना आपल्याकडे एक ठरलेला दाखला देतात. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव असलाच पाहिजे. विस्तव डोळ्यांना दिसत नाही. धुरावरून तो ओळखायचा. इब्री धर्मग्रंथांतही असाच एक धुराचा डोंगर आहे, सीनाय. ‘निर्गम’ या पुस्तकात परमेश्वर या डोंगरावर अग्नीतून उतरतो, भट्टीसारखा धूर वर चढतो आणि सारा डोंगर थरथरू लागतो. इथला धूर देव आल्याची खूण आहे.

पण हा धूर जितके सांगतो तितकेच झाकतोही. देव अब्राहामाशी करार करतो, तेव्हा अंधारात बळीच्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि पेटती मशाल जाते. देवाचे रूप दिसत नाही. यशया संदेष्ट्याला दर्शन होते, तेव्हा मंदिर धुराने भरून जाते. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजकाने परमपवित्र स्थानी शिरताना निखाऱ्यांवर धूप टाकायचा आणि कराराच्या कोशावरचे झाकण धुराने झाकून टाकायचे, नाहीतर तो मरेल, अशी ताकीद ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. ज्या धर्माने मूर्तीला मनाई केली, त्याला देव जवळ आल्याचे सांगायला धुरासारखे साधन दुसरे कोणते मिळणार? धूर दिसतो, पण त्याला आकार नाही आणि तो हाती धरता येत नाही.

इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याबरोबर तिथला बळी थांबला, धूपही थांबला. यहुदी उपासनेत त्यांची जागा प्रार्थनेने घेतली.

हे ग्रंथ आपल्या भाषेत आले, त्यात नागपूरचाही वाटा आहे. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा त्यांच्या मदतीला होते. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात मात्र या पुस्तकांच्या कितीतरी आधी धूप येऊन पोहोचला होता, असे मानणारे लोक कोकणात होते.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ नव्हते, पण विधी होते. नवस फेडताना पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करायचा आणि एलियाहू नबीचे स्मरण करायचे. पूर्वी या वेळी धूपही जाळत. त्यांच्यातलेच इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी याचा संबंध ‘लेवीय’मधल्या अन्नार्पणाशी जोडला. तिथेही पीठ, तेल आणि वर धूप असतो. त्यांच्या मते मंदिर उभे होते त्या काळची ही आठवण.

हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा राहिला नाही. इस्राएल देश झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे ठरवले. जे शतकानुशतके शनिवार पाळत आले, त्यांनाच आता पुरावा मागितला गेला. त्यांनी मोठे आंदोलन केले. अखेर 1964 मध्ये, ते सर्वार्थाने यहुदी आहेत, असे तिथल्या सरकारने जाहीर केले.

मलिद्याचा धूप यात किती साक्षीला येईल? सावधच राहायला हवे. मलिदा आणि ऊद आपल्या दर्ग्यांतही आहेत; शेजारधर्माने एकाचे दुसऱ्याने घेतले असणे सहज शक्य आहे. लांबून धुकेही धुरासारखे दिसते, हेही तर्कशास्त्रानेच शिकवले आहे. पण धूप यरुशलेमचा असो की कोकणचा, पोथी हाती नसताना ज्यांनी आपला देव विसरू दिला नाही, त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. तिथे आजही नवस बोलले जातात, तेही मराठीत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)