भाग: साहेबाचा मासा, तीर्थनचं पाणी

गेल्या भागानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "मुलांना घेऊन हिमालयात फ्लाय फिशिंग करायचंय, कधी जाऊ?" उत्तर देतो, पण त्यासाठी आधी थोडा इतिहास सांगायला हवा.

आपल्याकडे कोकणात गरी टाकतात, तिला आमिष लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा! त्याला वजनच नसतं, म्हणून जड दोरी फेकायची आणि तिच्यामागून किडा जातो. नवशिक्याची सगळी परीक्षा इथंच.

हा खेळ ज्या ब्राउन ट्राउटसाठी खेळतात, तो मासा मूळचा युरोपचा. इंग्रज साहेबाला इथंही आपल्या घरच्यासारखी शिकार हवी होती. १८९९ साली काश्मीरसाठी अंडी मागवली, ती वाटेतच मेली. ट्राउटच्या अंड्यांना थंडावा लागतो आणि बोटीचा प्रवास उष्ण समुद्रातून. पुढच्या वर्षी, १९०० साली, स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र जगली. १९०९ च्या सुमारास हा मासा कुलू खोऱ्यात पोचला आणि तिथून आसपासच्या नद्यांमध्ये पसरला.

आता गंमत बघा. हा पाहुणा काही साधाभोळा नाही. तो इतर मासे खातो, इथल्या मूळच्या माशांच्या वाट्याचं खातो. पण बंजार भागातल्या तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प यायला लागले, तेव्हा माजी आमदार दिले राम शबाब आणि गावकरी न्यायालयात गेले. नदी वाचवायच्या त्या लढाईत ट्राउटचा मुद्दा मोलाचा ठरला आणि प्रकल्प थांबले. साहेबाच्या हौसेचा मासा गावाच्या नदीचा साक्षीदार झाला! म्हणून मला त्याला सरसकट घुसखोर म्हणणं जमत नाही.

तर, कधी जायचं? दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखताना तारखा नीट बघा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते, कारण ते दिवस विणीचे. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि धोक्याचं. मार्च-एप्रिल किंवा पावसाळा ओसरल्यावरचा ऑक्टोबर बरा.

मत्स्य विभागाचा परवाना प्रत्येक गळ टाकणाऱ्यानं घ्यायचा. गळाचा काटा बिनअडकणीचा ठेवा, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. हात ओले करून मगच मासा धरा. मुलांना नदीत नको, काठावरच उभं करा. पहिला दिवस तर गवतावर नुसती दोरी फेकायला शिकवा. एक स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला खडक न् खडक ठाऊक असतो.

आणि मासा नाहीच लागला तर? काठावर बसून मुलांना ही गोष्ट सांगा. समोर वाहणारं पाणी कुणीतरी भांडून राखलंय, एवढं त्यांना कळलं तरी सहल सार्थकी लागली म्हणायची.

भेटू पुढच्या भागात!